पेजेचं पाणी आणि सरकारचे कान

2025 च्या मे महिन्यातले ते चार दिवस आठवतायत ना, ऑपरेशन सिंदूरचे? टीव्हीवर सायरन, मॉक ड्रिल, ब्लॅकआऊट, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर कराची बंदर कधीच बेचिराख झालेलं. त्यातल्याच एका संध्याकाळी मी गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात किराणा घ्यायला गेलो तर दुकानात नेहमीच्या तिप्पट गर्दी. तेल, साखर, पीठ, उकडे तांदूळ, जो तो दोन-दोन पिशव्या भरतोय. एक म्हातारी काकी, हातात कापडी पिशवी, दुकानदाराला विचारत होती की काल तांदळाला जो भाव होता तो आज का नाही. एवढंच. मागे उभा असलेला एक पोरगा, बहुतेक दिवसभर रीलवर युद्ध बघून आलेला, तिला म्हणाला, "मावशे, थंय जवान मरतात आनी तुका तांदळाचें पडलां?" काकी सावकाश वळली, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जवानाच्या आवयक भूक लागना काय रे पुता?"

दुकानात एकदम शांतता. पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून मोकळा झाला, काकीला भाव काही कालचा मिळाला नाही, ती दोन किलोऐवजी एक किलो घेऊन गेली.

तेव्हापासून तो प्रश्न, जवानाच्या आईला भूक लागत नाही का, माझ्या डोक्यात बसलाय. त्या पोराचं बोलणं त्याचं एकट्याचं नाही हो, सगळीकडे हीच हवा असते. युद्ध सुरू झालं की भाव विचारणं म्हणजे पाप, रांगेत आवाज चढवणं म्हणजे गद्दारी. मला वाटतं हे साफ उलटं आहे. युद्धाच्या काळात धान्यावरून जो आरडाओरडा होतो तो कान उघडे ठेवून ऐकायला हवा, कारण गेल्या शंभर वर्षांत जिथे तो झालाच नाही किंवा ज्यांना तो करताच आला नाही तिथे माणसं मेली ती लाखांनी मेली, आणि सरकारला बराच काळ पत्ताच नव्हता किंवा पत्ता असून सोयीचं नव्हतं.

आधी आवाज केलेल्यांचं सांगतो. 1918 चा जुलै, जपानमधल्या तोयामा भागातलं उओझू नावाचं मच्छीमारांचं गाव. बरेच पुरुष लांब मासेमारीला गेलेले, घरं बायकांवर. तांदूळ महिन्यागणिक महाग होत होता, कारण महायुद्धामुळे जपानचे कारखाने तेजीत, शहरात पैसा खेळतोय, आणि त्यात व्यापाऱ्यांना कुणकुण लागली की सरकार सायबेरियात फौज पाठवणार. फौज जाणार म्हणजे तांदूळ लागणार, मग काय, साठे सुरू. इकडे त्या बायकांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच भागातला तांदूळ होक्काइडोकडे जाणाऱ्या इबुकी मारू नावाच्या बोटीत चढत होता. त्या थेट धक्क्यावर गेल्या आणि म्हणाल्या की चढवू नका, हा तांदूळ आम्हाला विका. म्हापशाच्या मार्केटात बसणारी नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी बाई, ज्यांनी बघितलीय त्यांना हा सीन डोळ्यांसमोर आणायला काही कष्ट पडणार नाहीत, तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा माणूस बोट रिकामी करणं पसंत करेल. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण अख्ख्या जपानभर पसरलं, लाखो लोक रस्त्यावर आले, कोबे शहरात सुझुकी नावाच्या बड्या व्यापारी कंपनीचं ऑफिस जाळलं, सैन्य बोलवावं लागलं, हजारोंना पकडलं, आणि सप्टेंबरात पंतप्रधान तेराउची यांचं सरकार गेलं. कुठली परकी सेना नाही, काही नाही, मासेवाल्या घरच्या बायकांनी सुरुवात केली.

जाळपोळ चांगली असं मी म्हणत नाही, उगाच कोणी स्क्रीनशॉट काढू नका. म्हणणं इतकंच की त्या बायकांनी आवाज केल्यावर टोकियोतल्या साहेबांना पहिल्यांदा नीट कळलं की गावात चूल कशी पेटते.

आता दुसरी बाजू. बंगाल, 1943. शाळेत आपल्याला दोन ओळींत उरकून टाकतात. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हातात पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. मग जपानी बंगालात उतरतील या भीतीने इंग्रजांनी किनारपट्टीवरचा तांदूळ उचलला आणि होड्या काढून घेतल्या, फोडल्या, बुडवल्या, म्हणजे शत्रूच्या हाती काही लागायला नको. शत्रू आलाच नाही. पण बंगालच्या त्या नद्यानाल्यांच्या मुलखात होडी गेली म्हणजे बाजार गेला, मासेमारी गेली, शेतावर जायचं साधन गेलं. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ, मग भातावर रोग, आणि भाव असे सुटले की शेतमजुराच्या हातात तांदूळ विकत घ्यायची ताकदच उरली नाही. अमर्त्य सेन यांनी नंतर आकडे मांडून दाखवलं की 1943 मध्ये बंगालात तांदळाचं उत्पादन 1941 पेक्षा कमी नव्हतं, आणि 1941 मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. म्हणजे भात होता. ज्याच्याकडे पैसा किंवा वशिला त्याच्याकडे तो गेला.

आणि वशिला कोणाकडे होता ते बघा, माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. कलकत्त्यातल्या कारखान्यांचे कामगार, रेल्वे, सरकारी नोकर, यांना स्वस्त धान्य मिळेल अशी व्यवस्था 1942 पासूनच केली होती. का? तर हे लोक संपावर गेले असते तर युद्धाचं उत्पादन थांबलं असतं. म्हणजे ज्याच्याकडे त्रास द्यायची ताकद त्याला तांदूळ. खेड्यातला मजूर, कोळी, विधवा, यांच्याकडे थांबवण्यासारखं काहीच नव्हतं. ती माणसं चालत कलकत्त्याला आली आणि फुटपाथवर मेली, भरलेल्या दुकानांसमोर मेली, आणि मोठी लुटालूट काही झाली नाही. दोन-तीन आठवडे उपाशी असलेला माणूस दगड उचलत नाही हो, त्याच्यात तेवढं बळच नसतं. घरोघरी जाऊन ती माणसं ओरडायची, "फॅन दाओ, मा." फॅन म्हणजे भात शिजल्यावर वरचं काढून टाकतात ते पाणी. भात मागायची हिंमत नव्हती, भात कोणी देणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, म्हणून पेजेचं वरचं पाणी मागत होती.

मी गोव्यातला माणूस, आमच्याकडे सकाळी दहाला पेज लागतेच, उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला सुका बांगडा. हे वाचल्यापासून पेज गाळताना, खरं सांगतो, ते पाणी मोरीत ओतायला हात धजत नाही. असो.

सुमारे तीस लाख माणसं गेली असं बहुतेक अभ्यासक धरतात. सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीरच केला नाही, जाहीर केला असता तर नियमाने मदतकामं काढावी लागली असती. शेवटी 22 ऑगस्ट 1943 ला स्टेट्समन या इंग्रजांच्याच पेपराने, संपादक इयन स्टीफन्स, फुटपाथवरचे फोटो छापले तेव्हा दिल्ली-लंडनला ते झाकणं अवघड झालं. उपाशी लोकांच्या वतीने एका पेपराला ओरडावं लागलं.

ह्याच साम्राज्याच्या राजधानीत ह्याच काळात काय चाललं होतं माहितीये? ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून रेशनिंग, लोणी, साखर, बेकन सगळं कुपनावर. पण कुपनं आली तरी श्रीमंत माणूस हॉटेलात जाऊन वाट्टेल ते खाऊ शकत होता, आणि लोक त्यावरून कुरकुरायला लागले. तेव्हा 1942 मध्ये सरकारने हुकूमच काढला की हॉटेलात एका जेवणाचं बिल पाच शिलिंगच्या वर जाता कामा नये, आणि तीनपेक्षा जास्त कोर्स नाहीत. बड्या हॉटेलांनी पळवाटा काढल्या, संगीताचे वेगळे पैसे वगैरे, ते व्हायचंच. पण कुरकुर ऐकून घेतली गेली. युद्ध चालू असताना तिथे पाव कधीच रेशनवर गेला नाही, गेला तो युद्ध संपल्यावर 1946 मध्ये. युद्धकाळात तिथली बालमृत्यूंची संख्या उलट कमी झाली. तेच चर्चिल, तेच मंत्रिमंडळ. लंडनची गृहिणी मतदार होती, तिचं बोलणं पेपरात छापून येत होतं, मेदिनीपूरच्या बाईचं कोण छापणार? बंगालसाठी धान्याची जहाजं मागितली तेव्हा जहाजांची टंचाई आहे हे कारण मिळालं.

तुम्ही म्हणाल ब्रिटनचं सोडा, ते जिंकणारे होते. ठीक, हरणाऱ्यांचं बघू. पहिल्या महायुद्धात जर्मनीची ब्रिटिश आरमाराने कोंडी केली हे खरंच, पण घरच्या कारभाराने त्यात जी भर घातली ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. सरकारने आधी धान्याचे आणि बटाट्याचे भाव बांधले, मांसाचे मोकळे ठेवले. शेतकरी काय खुळा आहे? त्याने धान्य-बटाटे डुकरांना घातले आणि डुकरं महाग विकली. मग प्रोफेसर लोकांनी हिशोब मांडला की डुकरं माणसांचं अन्न खातात, तेव्हा 1915 च्या सुरुवातीला लाखो डुकरं मारली. काही दिवस मांसच मांस, मग मांस गायब, चरबी गायब, आणि शेताला खतही कमी. पुढच्या वर्षी पावसाने बटाटा कुजला आणि 1916-17 च्या हिवाळ्यात लोकांनी जनावरांना घालायचा सलगमसारखा कंद खाल्ला, त्याचाच पाव, त्याचाच जॅम, त्याचीच कॉफी. तो हिवाळा तिथे आजही त्या कंदाच्या नावानेच ओळखतात.

बर्लिनमध्ये 1915 पासूनच लोण्याच्या दुकानांपुढे बायकांचे दंगे होत होते. आणि गंमत म्हणजे तिथले पोलीस रांगेत काय बोललं जातंय त्याचे नियमित रिपोर्ट वर पाठवत होते. म्हणजे सरकारला सगळं माहीत होतं, कोणती बाई काय म्हणाली इथपर्यंत. त्या बायका टंचाईबद्दल जेवढ्या बोलायच्या त्याहून जास्त मागच्या दाराने कोणाला लोणी मिळतं त्याबद्दल बोलायच्या. हे मला अगदी ओळखीचं वाटतं. आपल्याकडे चतुर्थीच्या आधी नारळ महाग झाला तर लोक शिव्या देतात पण घेतात, आणि दुकानदाराने काऊंटरखालून कोणाला तरी स्वस्तात दिला हे कळलं की त्या दुकानाची पायरी वर्षभर चढत नाहीत.

आणि हरल्यावर काय झालं? सेनापतींनी नामानिराळं होऊन सांगितलं की सैन्य हरलंच नव्हतं, घरच्यांनी पाठीत सुरा खुपसला. चार वर्षं रांगेत उभी राहिलेली बाई, संपावर गेलेला कामगार, हे झाले गद्दार, आणि ज्यू तर त्या यादीत सगळ्यात वर. ह्या थापेवर पुढे कोण मोठा झाला ते सांगायला नको. म्हणून साखळीच्या दुकानातला तो पोरगा मला नुसता आगाऊ वाटला नाही, मला भीती वाटली.

एक मुद्दा नेहमी येतो की युद्धात सगळं उघड सांगता येत नाही, साठा किती आहे हे शत्रूला कळेल, घबराट पसरेल. ह्याला उत्तर पेट्रोग्राडचं. मार्च 1917, कडाक्याची थंडी, पावाच्या रांगा, रेल्वे कोलमडलेली, रशियात धान्य होतं पण राजधानीपर्यंत पोचत नव्हतं. पाव रेशनवर जाणार अशी बोलवा उठली. शहराचा लष्करी प्रमुख जनरल खाबालोव्ह, त्याने भिंतींवर नोटिसा लावल्या की पीठ पुरेसं आहे, काळजी नसावी. खरंच थोडंबहुत पीठ होतंही. पण अडीच वर्षं खोटं ऐकलेल्या माणसाला खरी नोटीसही खोटीच वाटते. 8 मार्चला, महिला दिनाला, कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून पाव मागत रस्त्यावर आल्या आणि 15 मार्चला झारने गादी सोडली. एक आठवडा! तीनशे वर्षांची राजवट आणि एक आठवडा.

मे 2025 मध्ये आपल्याकडेही दिल्लीहून सांगितलं गेलं की साठा मुबलक आहे, चंदीगढमध्ये साठेबाजीवर बंदीचा हुकूम निघाला. साठा होताही, फूड कॉर्पोरेशनची गोदामं भरलेली होती, हे मी नाकारत नाही. पण "मुबलक" हा शब्द खाता येत नाही ना. आमच्या तालुक्याच्या गोदामात किती क्विंटल, किती दिवसांचे, हे कोणी सांगितलं असतं तर त्या दुकानातली निम्मी गर्दी घरी गेली असती.

आता थोडं आमच्या घरचं. गोव्याला कोंडी हा शब्द नवीन नाही. 1955 मध्ये गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांचा गोळीबार झाल्यानंतर भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी घट्ट केली, रेल्वे बंद, व्यापार बंद, मुंबईहून पैसे पाठवण्यावर निर्बंध. मी मुक्तीच्या बाजूचाच माणूस आहे, 19 डिसेंबरला आमच्या घरी अजून गोडधोड होतं, पण ह्या नाकेबंदीबद्दल आम्ही आपसात फार बोलत नाही. त्याने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार काही हलला नाही. मुरगाव बंदर उघडं होतं, लोहखनिज जपान-जर्मनीला जात होतं, त्या पैशांतून बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, तांदूळ-भाजी पाकिस्तानातून यायची. ज्याच्या खिशात पैसा तो डच बटाट्याची भाजी खाऊन नाकेबंदीची चेष्टा करत होता.

माझी आजी पेडण्याची. तिचा भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्याचे पैसे यायचे त्यावर घर. ते थांबले. ती सांगायची की तेव्हा दिवसातून दोनदा पेजच, आणि ती पण नाचण्याची, आणि आई स्वतःच्या ताटात कायम वरचं पाणी घ्यायची, शितं पोरांना. तेरेखोल नदीपलीकडून रात्री कोणी भाजी-मिरची आणायचं, पकडला गेला तर दोन्हीकडच्या पोलिसांचा मार. "आमी खंयच्या राजाक आडायले गो?" असं ती विचारायची. कोंडी राजाची करायची असते आणि बसते ती चुलीवर, हे तिला कळत होतं, आणि आज गाझात आणि सुदानात जे चाललं ते बघताना मला तिची आठवण येते. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहर परिसरात दुष्काळ असल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी रीतसर जाहीर केलं, सुदानच्या अल फाशरमध्ये वेढ्यातले लोक जनावरांची पेंड खात होते. नागरिकांना उपाशी मारणं हे युद्धाचं शस्त्र म्हणून वापरू नये असं 1977 पासून जिनिव्हाच्या कागदावर लिहिलेलं आहे.

तुम्ही म्हणाल गोव्याचा आता काय संबंध, आपण काय वेढ्यात आहोत? नाही. पण चोर्ला घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी साखळीत कोथिंबिरीची जुडी बघायला मिळत नाही, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो. भाजी बेळगावची, दुधाचा मोठा हिस्सा बाहेरचा, गहू तर सगळाच बाहेरचा, म्हणजे आमचा पॉदेर, पाववाला, सकाळी भोंगा वाजवत येतो तो खरं तर पंजाबच्या जिवावर. खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, ओस पडतायत, बांध फुटले ते फुटले, उरलेल्या भाताच्या शेतांवर व्हिलांचे बोर्ड. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती, आणि मी, बँकेत पैसे असलेला माणूस, रव्याची पेज खाऊन बसलो होतो. बाजूला बांधकामावरचे मजूर राहायचे, त्यांच्याकडे रवाही नव्हता. त्यांनी काहीच आवाज केला नाही. परप्रांतातली माणसं, भाषा येत नाही, पोलीस काठी घेऊन फिरतायत, कुठे ओरडणार? ओरडलो आम्ही, मध्यमवर्गीय, फेसबुकवर, आणि दुकानं उघडली. पुन्हा तेच बंगालचं गणित, ज्याचा आवाज त्याचा तांदूळ, हिशोब लहान एवढंच.

म्हणून माझी मागणी काही क्रांतीबिंतीची नाही. घाट बंद झाला, बंदर बंद झालं, युद्ध लागलं तर कोणत्या तालुक्यात किती दिवसांचा तांदूळ, डाळ, तेल आहे, आणि ते कोणाला कोणत्या क्रमाने मिळणार, हे शांततेच्या काळात ठरवा आणि पंचायतीच्या भिंतीवर लावा. त्यात रेशनकार्ड नसलेला मजूर कुठे बसतो तेही लिहा, कारण यादीबाहेरचा माणूस सगळ्यात शांत असतो. आणि ज्या दिवशी एखादी काकी विचारेल की कालचा भाव आज का नाही, त्या दिवशी तिला उत्तर द्या, भाषण नको. साठेबाज पकडायचाय तर गोदामवाला पकडा, दोन किलोवाली पिशवी कशाला बघता?

आमच्या वाड्यावरच्या रेशन दुकानाबाहेर एक काळा फलक आहे, आलेला माल, वाटलेला माल, शिल्लक, असे तीन रकाने. परवा मुद्दाम थांबून बघितला. अंगठा लावायच्या मशीनला रेंज नव्हती म्हणून सात-आठ बायका पायरीवर बसून होत्या, एक जण गवार मोडत होती. फलकावर तांदळाच्या पुढे खडूने काहीतरी आकडा होता, पावसाच्या पाण्याने ओघळून गेलेला. मी विचारलं, हा कधीचा? गवार मोडणारी म्हणाली, "तो काय आमी वाचूंक बसयल्लो ना, तो इन्स्पेक्टराक."